शेनझेनमध्ये नोकरी आणि जेवणाच्या सुट्टीत किड्यांचे फोटो: नव्याने येणाऱ्यांसाठी

माल तपासायला, साचे करून घ्यायला, सर्किट बोर्डाच्या कारखान्यात दर्जा सांभाळायला आपल्याकडची बरीच मंडळी दक्षिण चीनमधल्या शेनझेन आणि तोंगक्वान भागात येतात. पहिले दोन महिने कागदपत्रं, जेवण आणि भाषा यांत कसे जातात कळत नाही. मग एक रविवार असा उजाडतो की काम नाही आणि बोलायलाही कुणी नाही. मला त्या रविवारी लिचीच्या खोडावर एक किडा दिसला, आणि तेव्हापासून इथलं राहणं मला सोपं झालं. तुम्हीही कॅमेरा घेऊन येणार असाल तर पहिल्या दिवसापासून काय करायचं ते क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. आल्या आल्या डोंगरांची यादी करू नका. घरापासून किंवा कारखान्यापासून दहा मिनिटांवरची एकच जागा धरा आणि तिथे रोज जा.

निघताना

कॅमेरा आहे तोच आणा. अगदी जवळून मोठा फोटो काढणारी मॅक्रो लेन्स नसेल तर झूम लेन्सच्या तोंडाशी लावायचं रेनॉक्स डीसीआर-२५० हे ८ डायॉप्टरचं भिंग सुरुवातीला पुरतं आणि खिशात मावतं. फ्लॅश मात्र इथे येऊन घ्या. गोडॉक्स ही कंपनी शेनझेनचीच आहे आणि तिचे लहान फ्लॅश सहज मिळतात. पुढे छंद वाढला तर हफेइ शहरातल्या कंपनीच्या लाओवा लेन्स बघा. त्यांतल्या काही किड्याची प्रतिमा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराच्या दुप्पट उमटवतात. 'लाओवा' म्हणजे म्हातारा बेडूक!

घरून आणायच्या वस्तू थोड्याच आहेत: पातळ पण पूर्ण बाह्यांचे शर्ट, पोटरीपर्यंत येणारे मोजे, डोक्याला बांधायची बॅटरी, आणि नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. पॉवर बँक आणू नका. २८ जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत 'थ्री सी' हे चिनी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. भारतातून आणलेली विमानतळावर सोडून द्यावी लागेल.

पहिला आठवडा

पोहोचल्यावर २४ तासांच्या आत राहत्या जागेची नोंद पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाले करतात, भाड्याच्या घरात गेलात तर घरमालकाला घेऊन चौकीत जा. घर बदललं की पुन्हा नोंद. नोकरीच्या झेड व्हिसावर आलेल्यांनी ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो. कंपनी हे करून देते, पण तारखा स्वतः लिहून ठेवा. पासपोर्ट कायम जवळ बाळगा. तसा कायदाच आहे, आणि बऱ्याच बागांमध्ये आगाऊ नोंदणीसाठीही तोच लागतो.

पैशांसाठी अलीपे आणि वीचॅट. व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, २०० युआनच्या वरच्या व्यवहाराला ३ टक्के शुल्क लागतं. बँकेत खातं उघडलं की हा प्रश्न मिटतो.

घरच्यांशी बोलायचं कसं, हे विमानात बसण्यापूर्वी ठरवा. इथे व्हॉट्सॲप, जीमेल, गूगल चालत नाही, आणि वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी आहे. म्हणजे आईच्या फोनवर जे आहे ते तुमच्याकडे चालणार नाही आणि तुमचं तिच्याकडे नाही. भारतीय सिमचं रोमिंग चालू ठेवलं तर व्हॉट्सॲप चालतं, कारण तो डेटा भारतातल्या कंपनीमार्फत जातो. दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइम आहे. इथलं घड्याळ अडीच तास पुढे आहे. रात्री साडेनऊला फोन केला की घरी संध्याकाळचे सात वाजलेले असतात.

जेवणाबद्दल शाकाहारी माणसाने एक लक्षात ठेवावं. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, भाजीत कोंबडीचं पाणी किंवा डुकराची चरबी असू शकते. 'वो छ सू', म्हणजे मी शाकाहारी आहे, असं सांगा. टोमॅटो-अंडं, बटाट्याच्या आंबट-तिखट सळ्या, वांगं-बटाटा-मिरचीची भाजी या तिन्हींवर माझे पहिले कित्येक महिने निघाले. कुकर आणि गोडा मसाला मात्र घरून आणलाच पाहिजे.

कानाला वळण

चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीला पिनयिन म्हणतात. तिथे आपण इंग्रजीच्या सवयीने फसतो. खरं तर मराठी कानाला हे सोपं जायला हवं. पिनयिनमधला 'बी' म्हणजे आपला प आणि 'पी' म्हणजे फ. 'डी' आणि 'टी' म्हणजे त आणि थ, 'जी' आणि 'के' म्हणजे क आणि ख. 'झेड' म्हणजे चमच्यातला च, आणि 'जे' म्हणजे चहातल्या च च्या जवळचा. चमचा आणि चहा यांतले दोन च वेगळे काढणारी जीभ आपल्याकडे आधीपासून आहे, तिचा उपयोग करा. सूर नंतर हळूहळू येतात.

किड्यांसाठी तीन वाक्यं पुरतात. 'वो चाइ फाइ खुन्छोंग', मी किड्यांचे फोटो काढतोय (यातला 'चाइ' चमच्याच्या च ने). 'पु च्वा, च फाइ', पकडत नाही, फक्त फोटो. आणि तिसरं तुम्हाला लोक विचारतील: 'यौ तू मा?', विषारी आहे का? याचं उत्तर देता आलं की पाच मिनिटांत चार माणसं तुमच्याभोवती वाकून बघत असतात.

गेटवरच्या पहारेकऱ्याला, गाडीवाल्याला 'शफू' म्हणायचं, उस्ताद या अर्थाने. बागेत झाडलोट करणाऱ्या वयस्कर बाईंना 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी. पहिल्यांदा हाक मारताना माझ्या तोंडून 'आई'च निघालं आणि त्या वळून हसल्या. पुढे कोणत्या फांदीवर 'मोठा किडा' बसलाय हे मला सर्वांत जास्त वेळा त्याच आयींनी दाखवलं.

पहिला महिना: एक कुंपण

चीनमध्ये दुपारचं जेवण झालं की दिवे मालवतात आणि माणसं टेबलावर डोकं टेकून झोपतात. हा वेळ तुमचा आहे. पहाट किड्यांच्या फोटोला जास्त चांगली, दव असतं आणि किडे गारठलेले असतात, पण रोज उठवत नाही हे मान्य करा. दुपारचा अर्धा तास रोज मिळतो.

बऱ्याच कारखान्यांत कॅमेरा आत न्यायला मनाई असते. पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि जागा गेटबाहेरची निवडा. माझं कुंपण एक्झोराचं होतं, मधे जास्वंद आणि एका कडेला घाणेरी. पंचवीस-तीस पावलांची लांबी. पहिल्या दिवशी मुंग्या आणि एक नाकतोडा एवढंच दिसलं. दोन आठवड्यांनी त्याच पानांवर उडी मारणारे कोळी, मावा आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यांच्या अळ्या, पान दुमडून आत बसलेले सुरवंट, टाचणीएवढी खंडोबाच्या घोड्याची पिल्लं, असं मोजताना वही भरली. किडे आधीही तिथेच होते, मला ते कसे शोधायचे हे कळत नव्हतं. पानाची कुरतडलेली कड दिसली की त्याची खालची बाजू बघायची. काळी विष्ठा दिसली की वर बघायचं.

कॅमेऱ्याची मांडणी एकदा ठरवा आणि महिनाभर बदलू नका. मॅन्युअल मोड, शटर १/१६० किंवा १/२००, छिद्र एफ/८ ते एफ/११, आयएसओ २०० ते ४००, उजेड फ्लॅशचा. फ्लॅश उघडा ठेवलात तर भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो, म्हणून त्याच्यापुढे पांढरा पडदा हवा. कारखान्यात माल गुंडाळायचा पातळ पांढरा फोम मिळतो, त्याचा हातभर तुकडा वाकवून लेन्सवर कमानीसारखा बांधा. मी अजून तोच वापरतो. ऑटोफोकस बंद करा, अंतर ठरवून ठेवा आणि स्वतः पुढेमागे झुलत डोळा नीट दिसला की बटण दाबा. श्वास सोडताना दाबलं तर हात कमी हलतो. आपली सावली किड्यावर पडू देऊ नका, तो कॅमेऱ्यापेक्षा सावलीला जास्त घाबरतो.

फुलपाखरांत ओळखीचे चेहरे भेटतील. कॉमन मॉर्मन, लिंबावरचं लाइम, स्ट्राइप्ड टायगर, पीकॉक पॅन्सी: आपल्या सह्याद्रीतल्या या जाती इथेही आहेत. चिनी नववर्षाला ग्वांगतोंगमध्ये, म्हणजे शेनझेन ज्या प्रांतात आहे तिथे, घरोघरी छोट्या संत्र्यांनी लगडलेल्या कुंड्या आणतात आणि सण संपला की कित्येक कुंड्या बाहेर ठेवून देतात. विचारून एक उचला आणि गच्चीत ठेवा. बाजारातून आलेल्या झाडावर औषध मारलेलं असतं, म्हणून जुनी पानं जाऊन नवी पालवी येईपर्यंत थांबा. मग लाइम किंवा कॉमन मॉर्मनची मादी अंडी घालायला येते. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी, नंतर हिरवा सुरवंट, नंतर कोश, हे सगळं तुम्हाला घरच्या कपड्यांत टिपता येईल.

लोंगानचा कोंबडा

आता त्या रविवारच्या किड्याबद्दल. याचं चिनी नाव 'लोंगयेन ची', म्हणजे लोंगानचा कोंबडा. लोंगान हे लिचीच्या कुळातलं फळझाड. शास्त्रीय नाव पायरॉप्स कँडेलारिया, त्यातलं 'कँडेलारिया' हे नाव स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीयसने १७५८ साली दिलं. डोकं पुढे वाढून वर वळलेलं लांब तांबडं शिंग झालेलं, त्यावर पांढरे ठिपके. पंख हिरवे, त्यांवर पिवळे गोल. उडाला की आतले नारिंगी-पिवळे पंख क्षणभर दिसतात आणि मिटतात. युरोपातल्या लोकांना वाटायचं की हे शिंग रात्री उजळतं, म्हणून या कुळाला कंदिलाचं नाव मिळालं. उजळत वगैरे काही नाही. डोक्याखाली दडलेल्या सोंडेने तो झाडाचा रस ओढत बसतो.

हा लोंगान आणि लिचीच्या खोडांवर भेटतो, उन्हाळ्यात जास्त. फूथ्येनमधल्या लिची पार्कसारख्या शहरातल्या बागांतही अशी जुनी झाडं आहेत. खोडाच्या डोळ्यांच्या पातळीपासून हातभर वरपर्यंत बघा. डोकं वर करून चिकटलेला असतो आणि सालीवर असूनही त्याचा हिरवा रंग नजरेतून निसटतो.

समोरून गेलात तर तो खेकड्यासारखा सरकत खोडाच्या पलीकडे जातो. तुम्ही फिरून गेलात की परत अलीकडे. दोन-तीन फेऱ्या झाल्या की टक् असा आवाज करून उडतो. म्हणून धावपळ करू नका. आठ-दहा पावलांवरून पहिला फोटो घ्या, मग एकेक पाऊल बाजूने, थांबत थांबत. शिंग आणि डोळा दोन्ही नीट हवे असतील तर कॅमेरा त्याच्या शरीराला समांतर धरा. त्यानंतर मोबाइलने एक फोटो असा काढा की किडा पुढे आणि मागे उंच इमारती येतील. माझ्या घरच्यांना शेनझेन कसं आहे हे त्या फोटोवरून कळलं.

त्याच झाडावर लिचीचा मोठा तपकिरी ढेकूण असतो. त्याच्या अंड्यांच्या चकत्या पानामागे शोधा, बहुतेक चकतीत १४ अंडी असतात. या ढेकणाच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी एक चिमुकली गांधीलमाशी आहे. चोंगशान विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ फू चलोंग (१९१२–१९९७) यांनी लिचीच्या बागांत ढेकणाविरुद्ध तिचा वापर केला. चकतीवर बसलेली ती माशी टिपणं हे माझं अजून राहिलेलं काम आहे. कीड आवरायला कीटक वापरण्याची परंपरा या मुलखात जुनी आहे. संत्र्याच्या बागा राखायला लाल मुंग्यांची घरटी विकत मिळत, अशी साधारण १,७०० वर्षांपूर्वीची मानली जाणारी चिनी नोंद आहे. पानं शिवून घर करणाऱ्या त्याच या मुंग्या. कोकणात आंब्यावर चढताना ज्यांनी चावून काढलं त्या ओंबील आठवा.

गुडघा टेकण्यापूर्वी

हा भाग वगळू नका. ग्वांगतोंगमध्ये २००४ साली तांबड्या आगमुंग्या सापडल्या. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही जात आता इथल्या हिरवळींत ठिकठिकाणी आहे. भुसभुशीत मातीचा, वर दार न दिसणारा ढिगारा असतो. मॅक्रोवाला खाली न बघता गुडघा टेकतो. मीही टेकला. काही सेकंद काहीच होत नाही, तोवर त्या पॅंटवर चढलेल्या असतात, आणि मग एकदम डंख. दुसऱ्या दिवशी प्रत्येक डंखावर पांढरा पू भरलेला फोड येतो. फोडू नका, खाजवू नका. धाप लागली, चेहरा किंवा ओठ सुजले तर वेळ न घालवता १२० ला फोन करा, हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे. गुडघ्याखाली ठेवायला लहान प्लास्टिकची चटई जवळ ठेवा, आणि आधी जागा बघा.

लिचीच्या ढेकणाला डिवचू नका. तो उडवतो ते पाणी कातडीला भाजतं आणि डोळ्यांत गेलं तर फार त्रास होतो. मोठ्या गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं की मागे फिरा, फोटो लांबूनसुद्धा नको. रात्री फांदीवर हात ठेवण्यापूर्वी बॅटरी मारा, हिरवा बांबू पिट व्हायपर अशाच फांद्यांवर असतो, आणि पाण्याकाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मण्यार. डास दिवसा चावणारे आहेत. २०२५ च्या उन्हाळ्यात जवळच्या फोशानमध्ये चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती, तेव्हा मलम लावल्याशिवाय झाडीत शिरू नका.

बुरशी

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात समुद्रावरून दमट उबदार हवा येते आणि थंड भिंती अक्षरशः पाझरतात. फरशीवर पाणी साचतं. याला इथे 'ह्वेइनानथ्येन' म्हणतात. कोकणात पावसाळा काढलेल्याला कपाटातल्या बुरशीचा वास माहीत असतो, हे त्याहून वाईट. माझ्या एका लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी याच महिन्यांत धरली आणि ती निघाली नाही. पहिल्या पगारात विजेवर चालणारी ओलावारोधक पेटी घ्या आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. या दिवसांत दक्षिणेकडच्या खिडक्या बंद ठेवतात, शेजारच्यांचं बघून तसंच करा. एसीच्या खोलीतून बाहेर निघताना कॅमेरा बॅगेतच वीस मिनिटं राहू द्या, नाहीतर काचेवर धुकं धरतं.

मग डोंगर

दोन-तीन महिन्यांनी वूथोंग डोंगर करा. साधारण ९४४ मीटर, शेनझेनमधला सर्वांत उंच. त्याच्या पायथ्याला श्येनहू वनस्पती उद्यान आहे आणि तिथलं होंगफा मंदिर. मंदिराचं जेवण शाकाहारी असतं, तेव्हा चरबीची काळजी न करता पोटभर जेवण्याचा हा दिवस. झऱ्याकाठी पॅरिस पीकॉक आणि ग्रेट मॉर्मन येतात. ग्रेट मॉर्मन बघून आपल्या राज्य फुलपाखराची, ब्लू मॉर्मनची आठवण येते, दोघं जवळचे नातलग आहेत. दापंग द्वीपकल्पावरचा ८६९ मीटरचा छीन्यांग डोंगर लांब आहे, पण तिथे गर्दी कमी.

रात्रीच्या पतंगांसाठी डोंगराच्या वाटेवरची सार्वजनिक स्वच्छतागृहं बघा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण रात्रभर दिवा आणि पांढरी भिंत दुसरीकडे कुठे मिळणार? जाण्याआधी दारातल्या शफूंना सांगा, म्हणजे गैरसमज होत नाही.

१ ते ७ ऑक्टोबर आणि १ मेच्या सुट्टीत डोंगरावर जाऊ नका, वाट माणसांनी भरलेली असते. त्याउलट सुट्टीच्या बदल्यात शनिवार-रविवारी कामाला बोलावतात, त्याचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच बघून ठेवा. जुलै ते सप्टेंबर तुफानांचे दिवस. नारिंगी किंवा लाल इशारा आला की बागा बंद होतात.

काय करायचं नाही

काहीही गोळा करू नका. मेलेलं फुलपाखरूसुद्धा डबीत घालू नका. परवान्याशिवाय परदेशी माणसाने वन्यजीवांचे नमुने गोळा करणं गुन्हा ठरू शकतं, आणि मोठी सोनेरी बर्डविंग फुलपाखरं दुसऱ्या श्रेणीच्या राष्ट्रीय संरक्षणाखाली आहेत. निसर्ग राखीव क्षेत्रात जायला परदेशी लोकांना वेगळी परवानगी लागू शकते, म्हणून फलक नीट वाचा किंवा फोनवर भाषांतर करून घ्या. हाँगकाँगच्या सीमेजवळचं कुंपण, लष्करी जागा, तिकडे लेन्स वळवू नका, मग पुढ्यात कितीही सुंदर चतुर असो.

फोटो ठेवताना

चीनमधले नकाशे मुद्दाम सरकवलेल्या निर्देशांकांवर चालतात. तुमच्या फोटोतलं जीपीएस स्थान इथल्या नकाशावर थेट टाकलं तर ते काही शे मीटर बाजूला दिसतं. माझा पहिला लोंगानचा कोंबडा असाच एका तळ्याच्या मधोमध जाऊन बसला होता. म्हणून फोल्डरच्या नावात तारीख, झाड आणि जागेचं नाव शब्दांत लिहा. जागेचं नाव गाओत या चिनी नकाशा-ॲपवरून चिनी अक्षरांत उतरवून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी तेच गाडीवाल्या शफूंना दाखवता येतं. गूगलवर फोटो चढवण्याची सवय इथे उपयोगी नाही, दोन हार्ड डिस्क घ्या आणि एक कुणी घरी निघालं की त्यांच्याबरोबर पाठवा.